पाचव्या महिन्यात बाळाचे हृदय नीट पाहिले का?

जन्माला येणाऱ्या दर हजार बाळांपैकी आठ-नऊ बाळांच्या हृदयाच्या रचनेत काही ना काही दोष असतो. जन्मजात व्यंगांमध्ये हृदयदोषांचाच क्रमांक पहिला लागतो. आपल्या देशात अशी दोन लाखांहून अधिक बाळे दरवर्षी जन्मतात, असा बालहृदयरोगतज्ज्ञांचा अंदाज आहे. त्यांपैकी साधारण पाचवा हिस्सा बाळांना पहिल्या वर्षातच शस्त्रक्रिया किंवा तसाच मोठा उपचार लागतो.

यातले बहुतेक गंभीर दोष आईच्या पाचव्या महिन्यातील सोनोग्राफीत दिसू शकतात. तरीही ते मोठ्या प्रमाणात निसटतात. ही निसटणारी बाळे वेळेवर सापडावीत म्हणून गेल्या काही वर्षांत कृत्रिम बुद्धिमत्तेची, म्हणजे एआयची मदत घेण्याचे प्रयोग जगात सुरू झाले आहेत. या तंत्राने नेमके काय साधते, काय साधत नाही आणि आपल्या घरातील गरोदर लेकी-सुनांसाठी त्यातून काय घ्यायचे, हे या लेखात पाहू.

पोटात सुखरूप, बाहेर येताच संकट

बाळाचे हृदय फार लवकर घडते. तिसरा महिना संपण्याआधीच त्याचे चार कप्पे, झडपा आणि मोठ्या रक्तवाहिन्या यांची मांडणी झालेली असते. मात्र पोटात असताना बाळाला स्वतःच्या फुप्फुसांनी श्वास घ्यावा लागत नाही. ऑक्सिजन आईच्या रक्तातून नाळेवाटे मिळतो. त्यामुळे बाळाच्या हृदयात दोन आडवाटा ठेवलेल्या असतात. वरच्या दोन कप्प्यांमध्ये एक छिद्र असते आणि दोन मोठ्या रक्तवाहिन्यांना जोडणारी एक छोटी नळी असते. या वाटांमुळे हृदयात मोठा दोष असला तरी बाळ पोटात छान वाढते, लाथा मारते, वजन घेते. आईला कसलीच शंका येत नाही.

नाळ कापली की चित्र बदलते. फुप्फुसे उघडतात आणि ती छोटी नळी काही तासांत किंवा दिवसांत बंद होऊ लागते. समजा, बाळाच्या हृदयातून निघणाऱ्या दोन मुख्य रक्तवाहिन्यांची अदलाबदल झाली आहे. शरीराला रक्त देणारी महाधमनी उजव्या कप्प्यातून निघते आणि फुप्फुसाकडे जाणारी धमनी डाव्या कप्प्यातून. अशा बाळाचे अशुद्ध रक्त पुन्हा शरीरातच फिरत राहते. नळी उघडी आहे तोवर ते कसेबसे तग धरते. ती मिटू लागली की बाळ काळेनिळे पडते, दूध ओढत नाही, धापा टाकते. घरी गेलेल्या बाळाला असे झाले तर ‘छाती भरली’ किंवा ‘दृष्ट लागली’ असे म्हणत मोलाचे तास निघून जातात.

याच बाळाचा दोष पाचव्या महिन्यात कळला असता, तर बाळंतपण हृदयशस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात किंवा त्याच्या जवळ ठरवता आले असते. जन्मताच ती नळी उघडी ठेवणारे औषध शिरेतून सुरू झाले असते. पहिल्या काही आठवड्यांत शस्त्रक्रिया करून रक्तवाहिन्या योग्य जागी जोडता आल्या असत्या. तान्ह्या, आजारी बाळाला रुग्णवाहिकेतून शेकडो किलोमीटर नेण्यापेक्षा ते पोटात असतानाच आईने मोठ्या शहरात पोहोचणे कितीतरी सुरक्षित. गडचिरोली, नंदुरबार किंवा मेळघाटातील कुटुंबासाठी तर जगण्या-मरण्याचा निकाल या एका गोष्टीवर लागू शकतो.

दिसत असूनही का निसटते?

पाचव्या महिन्यात बाळाचे हृदय जेमतेम बोराएवढे असते. ते मिनिटाला सुमारे १४० वेळा धडधडते. बाळ फिरत असते, कधी पाठ करून बसते. अशा हृदयाची योग्य कोनातली चित्रे मिळवावी लागतात.

त्यासाठी पाच ठरावीक दृश्ये पाहायला सांगितलेली आहेत. पहिले बाळाच्या पोटाचे, ज्यातून अवयव आपापल्या बाजूला आहेत की नाही ते कळते. दुसरे हृदयाच्या चारही कप्प्यांचे. तिसरे डाव्या कप्प्यातून निघणाऱ्या महाधमनीचे. चौथे शेजारी शेजारी दिसणाऱ्या तीन रक्तवाहिन्यांचे आणि पाचवे रक्तवाहिन्या श्वासनलिकेसह दिसतील असे, थोडे वरचे. ही पाचही दृश्ये नीट पाहिली तर गुंतागुंतीचे ९० टक्के दोष सापडू शकतात. प्रत्यक्षात मात्र सापडण्याचे प्रमाण काही ठिकाणी ३० टक्क्यांपर्यंत खाली असते.

याची कारणे साधी आहेत. घाईत अनेकदा चार कप्प्यांचे दृश्य पाहून ‘हृदय ठीक’ असे लिहिले जाते. वर सांगितलेल्या अदलाबदलीच्या दोषात चारही कप्पे अगदी व्यवस्थित दिसू शकतात. दोष असतो तो वरच्या रक्तवाहिन्यांत. निरोगी बाळात त्या दोन्ही एकमेकींना ओलांडून जातात, या दोषात समांतर जातात. वरची दृश्ये पाहिलीच नाहीत तर तो कळणार कसा? दुसरे असे की, हे दोष शंभरात एकाच्या आसपास. तालुक्याच्या गावी सोनोग्राफी करणाऱ्या डॉक्टरच्या नजरेसमोर विशिष्ट दोषाचे बाळ कित्येक वर्षांत एखादेच येते. क्वचित दिसणारी गोष्ट ओळखायला नजर तयार व्हावी लागते आणि ती तयार होण्याची संधी मोठ्या केंद्रांतच मिळते. म्हणजे जिथे तज्ज्ञ आहेत तिथे दोष सापडतो. जिथे गरीब माणूस राहतो तिथे निसटतो.

संगणकाने नजर कशी कमावली?

या दिशेने झालेले एक महत्त्वाचे संशोधन अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातले. हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रीमा अर्नाउट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते २०२१ मध्ये ‘नेचर मेडिसिन’ या नियतकालिकात प्रसिद्ध केले. त्यांनी १८ ते २४ आठवड्यांच्या गर्भांच्या १,३२६ तपासण्यांमधील १ लाख ७ हजार ८२३ चित्रे संगणकाला दाखवली. कोणते चित्र कोणत्या दृश्याचे, कोणते हृदय निरोगी आणि कोणते सदोष, हे त्याला उदाहरणांतून शिकवले. लहान मूल शेकडो गाई-म्हशी पाहून त्यांतला फरक आपोआप ओळखू लागते, तसेच काहीसे हे शिकणे. फरक एवढाच की, माणसाला जन्मभरात दिसणार नाहीत इतकी उदाहरणे संगणक थोड्या काळात पाहतो.

शिकवून झाल्यावर परीक्षा घेतली. संगणकाने आधी न पाहिलेल्या ४,१०८ तपासण्या, म्हणजे २४ लाखांहून अधिक चित्रे त्याच्यापुढे ठेवली. त्यात दोष असलेली बाळे शंभरात एकाहूनही थोडी कमी होती. दोष असलेल्या बाळांपैकी ९५ टक्के बाळे त्याने ओळखली. निरोगी बाळांपैकी ९६ टक्के बाळांना त्याने निरोगीच ठरवले. दुसऱ्या रुग्णालयांतील चित्रे आणि कमी स्पष्ट चित्रे दाखवली तेव्हाही त्याची कामगिरी टिकून राहिली.

जपानमध्ये रिकेन या संशोधन संस्थेच्या पथकाने थोडा वेगळा मार्ग काढला. त्यांचा संगणक सोनोग्राफीच्या हलत्या चित्रात हृदय आणि त्याच्या आसपासचे १८ भाग एकेक करून शोधतो. जो भाग जिथे दिसायला हवा तिथे दिसला नाही, त्याची जागा पट्टीवर रिकामी राहते. दुकानातल्या वस्तूवर काळ्या रेघांचा बारकोड असतो ना, तशी ती पट्टी दिसते. यंत्राला शंका का आली, हे डॉक्टरला त्यावरून समजते.

यानंतर हे तंत्र प्रयोगशाळेबाहेर आले. फ्रान्समधील ब्राइटहार्ट या कंपनीच्या अशा प्रणालीला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२४ मध्ये मान्यता दिली. न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय रुग्णालयातील डॉक्टरांच्या पुढाकाराने तिची तपासणी झाली. दोन देशांतील ११ केंद्रांमधल्या २०० सोनोग्राफी १४ डॉक्टरांनी आधी स्वतः आणि नंतर एआयच्या मदतीने वाचल्या. मदत घेतल्यावर संशयास्पद हृदय ओळखण्याचे प्रमाण ९७ टक्क्यांवर गेले आणि वेळही कमी लागला. २०२५ मध्ये जाहीर झालेल्या या निष्कर्षांत एक बाब विशेष आहे. चौदांपैकी सात डॉक्टर सर्वसाधारण स्त्रीरोगतज्ज्ञ होते. म्हणजे हृदयातले खास तज्ज्ञ नसलेल्या डॉक्टरलाही या दुसऱ्या नजरेचा आधार मिळू शकतो. आपल्या तालुक्याच्या रुग्णालयांसाठी खरी आशा इथे आहे.

हजार आयांचा हिशोब

टक्केवारी ऐकून भारावून जाण्याआधी साधा हिशोब करून पाहू. हजार गरोदर स्त्रियांची तपासणी झाली. त्यांपैकी नऊ बाळांच्या हृदयात दोष आहे असे धरू. ९५ टक्के ओळखणारे यंत्र त्यांतली आठ-नऊ बाळे पकडेल. केवळ ३० टक्के दोष सापडतात अशा ठिकाणी तीनच बाळे सापडली असती. पाच-सहा बाळांचा हा फरक फार मोठा आहे.

आता उरलेली ९९१ निरोगी बाळे पाहा. त्यांतल्या ९६ टक्के बाळांना यंत्र निरोगी म्हणेल; पण चार टक्के, म्हणजे सुमारे ४० बाळांच्या बाबतीत उगीचच धोक्याची खूण दाखवेल. एकूण ४८-४९ आयांना ‘शंका आहे’ असे सांगितले जाईल आणि त्यांतल्या ४० जणींची बाळे ठणठणीत असतील.

म्हणून ही गोष्ट पक्की लक्षात ठेवावी : यंत्राची खूण म्हणजे निदान नव्हे. ती पुढच्या तपासणीची चिठ्ठी आहे. गर्भाच्या हृदयाची खास तपासणी, म्हणजे फीटल इको, तज्ज्ञाकडून झाल्याशिवाय कोणताही निर्णय घेऊ नये. आणि यंत्राने ‘ठीक’ म्हटले तरी काही दोष राहून जाऊ शकतात. लहान छिद्रे, महाधमनीचा अरुंदपणा यांसारखे दोष जन्माआधी ओळखणे तज्ज्ञांनाही अवघड जाते. शिवाय चित्रच नीट काढले नसेल तर यंत्र काय वाचणार? सोनोग्राफीचा हात माणसाचाच लागतो.

यंत्राला कोणाची हृदये दाखवली?

संगणक जे पाहतो तेच शिकतो. त्यामुळे त्याला कोणत्या देशातल्या, कोणत्या थरातल्या आयांची चित्रे दाखवली आणि ती कोणत्या दर्जाच्या मशीनवर काढली, हा प्रश्न विचारलाच पाहिजे. कोविडच्या काळात आपण सर्वांनी बोटाला लावायचा ऑक्सिमीटर पाहिला. २०२० मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे आढळले की, रक्तातला ऑक्सिजन धोकादायक पातळीपर्यंत घसरलेला असूनही हे यंत्र तो पुरेसा दाखवते, अशी चूक काळ्या रुग्णांमध्ये गोऱ्या रुग्णांच्या जवळपास तिप्पट वेळा घडत होती. यंत्राला जात-वर्ण कळत नाही. पण ते घडवताना आणि तपासताना ज्यांचा विचार झाला नाही, त्यांच्या बाबतीत ते चुकते.

गर्भाची सोनोग्राफी त्वचेच्या रंगावर अवलंबून नाही, हे खरे. तरी रक्तक्षय असलेली, वजन कमी असलेली, उशिरा तपासणीला आलेली, जुन्या मशीनवर तपासली गेलेली आपल्याकडची स्त्री त्या शिकवणीत होती का? भारतात अशी प्रणाली वापरायची असेल तर ती आधी इथल्या जिल्हा रुग्णालयांत, इथल्या आयांवर तपासून पाहायला हवी. आणि ती प्रथम कुठे जावी? जिथे तज्ज्ञ आधीच बसलेले आहेत अशा पंचतारांकित रुग्णालयात गेली तर तिचा उपयोग थोडाच. जिथे तज्ज्ञ नाहीत तिथे ती गेली पाहिजे.

आधी कळून काय उपयोग?

‘हृदयात दोष आहे म्हटल्यावर काय करणार?’ असा हताश प्रश्न अनेक घरांत निघतो. त्याचे उत्तर इतिहासात आहे. जन्मतः काळेनिळे पडणाऱ्या बाळांवरची पहिली यशस्वी मानली जाणारी शस्त्रक्रिया २९ नोव्हेंबर १९४४ रोजी अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात झाली. कल्पना डॉ. हेलन टॉसिग यांची, शस्त्रक्रिया डॉ. आल्फ्रेड ब्लेलॉक यांनी केली. पण ती कशी करायची हे प्रयोगशाळेत प्राण्यांवर करून सिद्ध केले होते व्हिव्हियन थॉमस यांनी. गुलामाचे नातू असलेले हे कृष्णवर्णीय तंत्रज्ञ पैशाअभावी डॉक्टर होऊ शकले नाहीत. पूर्वीच्या नोकरीत प्रयोग करीत असतानाही त्यांची नोंद आणि पगार सफाई कामगाराचा होता. त्या दिवशी ते शस्त्रक्रियागृहात ब्लेलॉक यांच्या मागे स्टुलावर उभे राहून एकेक टाका कसा घालायचा ते सांगत होते. त्यांचे श्रेय कित्येक वर्षे झाकलेले राहिले. १९७६ मध्ये त्याच संस्थेने त्यांना मानद डॉक्टरेट दिली.

तेव्हापासून शस्त्रक्रिया खूप पुढे गेली. रक्तवाहिन्यांच्या अदलाबदलीचा दोष आज तान्ह्या वयातच दुरुस्त होतो आणि अशी मुले शाळेत जातात, खेळतात, मोठी होऊन कमावती होतात. काही दोष मात्र अजूनही अवघड आहेत, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे.

कायदा काय सांगतो?

सोनोग्राफी म्हटले की, काही जण कायद्याच्या नावाने बिचकतात. १९९४ च्या कायद्याने गर्भाचे लिंग सांगणे आणि विचारणे यावर बंदी आहे. बाळातील व्यंग शोधण्यावर बंदी नाही. सोनोग्राफीत एआय आले तरी हा कायदा तसाच लागू राहतो आणि राहिला पाहिजे. जे यंत्र हृदय ओळखू शकते, ते लिंगही ओळखू शकेल. म्हणून त्यावर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवावे लागेल.

दोष फारच गंभीर निघाला, तर गर्भ ठेवायचा की नाही हा निर्णय त्या स्त्रीचा. २०२१ च्या दुरुस्तीनुसार काही विशिष्ट परिस्थितीतील स्त्रियांना २४ आठवड्यांपर्यंत गर्भपाताची मुभा आहे. बाळात मोठे व्यंग असल्याचे वैद्यकीय मंडळाने ठरवले, तर त्यानंतरही परवानगी मिळू शकते. सज्ञान स्त्रीची स्वतःची संमती त्यासाठी पुरते. नवऱ्याची किंवा सासूची सही कायद्याने मागितलेली नाही. मात्र विचार करायला, दुसऱ्या डॉक्टरचे मत घ्यायला वेळ मिळायचा असेल, तर तपासणी पाचव्या महिन्यातच व्हायला हवी.

दोष आईचा नाही

बाळाच्या हृदयात दोष निघाला की बोट आईकडे जाते. ‘ग्रहणात भाजी चिरली’, ‘अवसेला बाहेर गेली’, ‘मागच्या जन्मीचे पाप’. यातल्या एकालाही आधार नाही. ग्रहण म्हणजे सावलीचा खेळ; पोटातल्या हृदयावर त्याचा काडीचाही परिणाम होत नाही.

विज्ञानाला माहीत असलेली कारणे वेगळी आहेत. गरोदर राहण्याआधीपासूनचा ताब्यात नसलेला मधुमेह, सुरुवातीच्या महिन्यांत झालेला रुबेला, फिट्सची किंवा मुरुमांची काही औषधे, दारू, जवळच्या रक्तातले लग्न, आई-वडील किंवा आधीच्या मुलात असा दोष असणे, यांमुळे धोका वाढतो. तरीही बहुतांश बाळांच्या आयांमध्ये यातले एकही कारण सापडत नाही. म्हणून तर धोका असो वा नसो, प्रत्येकीच्या बाळाचे हृदय पाहायला हवे.

आपण काय करावे?

एआय आपल्या गावात येईल तेव्हा येईल. आजही हाताशी असलेल्या गोष्टी पुष्कळ आहेत.

• गरोदरपणाची नोंद पहिल्या तीन महिन्यांतच आशाताई किंवा आरोग्यकेंद्राकडे करावी. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी केंद्रांत पंतप्रधान सुरक्षित मातृत्व अभियानात मोफत तपासणी होते.

• १८ ते २० आठवड्यांत व्यंग शोधण्याची सोनोग्राफी करून घ्यावी. ती सहाव्या-सातव्या महिन्यावर ढकलू नये.

• डॉक्टरांना सरळ विचारावे : ‘बाळाच्या हृदयाचे चारही कप्पे दिसले का? वरच्या मोठ्या रक्तवाहिन्या दिसल्या का?’ नीट दिसले नसेल तर पुन्हा कधी यायचे, तेही विचारावे. असे विचारणे हा उद्धटपणा नाही, आपला हक्क आहे.

• मधुमेह, जवळच्या नात्यातले लग्न किंवा घरात हृदयदोषाचे मूल असेल, तर ते आपण होऊन सांगावे आणि फीटल इको लागेल का ते विचारावे.

• जन्मानंतर २४ तासांनी बाळाच्या उजव्या हाताला आणि एका पायाला ऑक्सिमीटर लावून पाहायला सांगावे. सावळ्या बाळाचा निळेपणा कातडीवर चटकन कळत नाही. जीभ आणि हिरड्या पाहाव्यात. दूध पिताना घाम येणे, थकणे, वजन न वाढणे ही लक्षणे अंगावर काढू नयेत.

• दोष आढळल्यास राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाकडे किंवा जिल्हा रुग्णालयातील शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे जावे. लहान मुलांच्या हृदयशस्त्रक्रिया महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून होतात. रेशनकार्ड आणि ओळखपत्र बाळंतपणाआधीच तयार ठेवावे, म्हणजे ऐनवेळी कागदांसाठी धावपळ होत नाही.

महिला मंडळाच्या पुढच्या बैठकीत आपल्या वस्तीतल्या गरोदर भगिनींची यादी करा. कोणाला कितवा महिना चालू आहे आणि पाचव्या महिन्याची सोनोग्राफी कोणाची राहिली आहे, ते लिहून काढा. जिची राहिली असेल, तिच्यासोबत कोणी तरी जा.